धंदा – घरकाम

"ह्ये कुणी लिवलंय?" आजींनी विचारलं तेव्हा माझा नोटरीचा शिक्का शाईच्या पॅडवर टेकलेला होता.

मागच्या जूनमधली गोष्ट. प्रवेश, दाखले, पीककर्जाचे कागद असं सगळं त्या दिवसांत एकदम येतं, आणि वरून पाऊस. कोल्हापुरात कसबा बावड्यात कोर्टाजवळच्या आमच्या गाळ्यात ओल्या रेनकोटांचा, गरम झेरॉक्सचा आणि शेजारच्या गाड्यावरच्या चहाचा मिळून एक वास भरलेला असतो. आजी प्रयाग चिखलीच्या. सोबत नातू. आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं; दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र बँकेला हवं होतं. टायपिस्टनं नेहमीच्या फाइलमधून मजकूर काढला, नाव-गाव बदललं, प्रिंट दिली. सही किंवा अंगठा घेण्याआधी मी सगळा मजकूर मोठ्यानं वाचते. "मी, अमुक अमुक, वय वर्षे ७१, धंदा घरकाम, राहणार प्रयाग चिखली, तालुका करवीर..." इथंच त्यांनी मला थांबवलं. नातू म्हणाला, "आगं, समद्या बायकांचं तसंच लिवत्यात." तशा आजी त्याच्याकडं वळल्या. "म्हशी काय तुझा आजा राखत हुता? चाळीस वरसं डेअरीला दूध घातलंय मी. दहा दिसाचं बिल माझ्या नावावर येतंय, दिवाळीचा फरक माझ्या नावावर येतोय. आनि ह्ये म्हणं घरकाम!"

मागं सात-आठ माणसं उभी होती. नातवाची एक नजर मोबाइलवर, एक बाहेर पावसात लावलेल्या गाडीवर. पान बदलायचं तर पुन्हा टायपिस्टच्या रांगेत जायला हवं होतं. मी म्हणाले, "आजी, यानं काही फरक पडत नाही. काम नावाचं आहे." त्यांनी माझ्याकडं पाहिलं, रागानं नव्हे, अंदाज घेतल्यासारखं. मग "बरं. तुमी म्हंतायसा तर" म्हणून हात पुढं केला. मी अंगठा धरला, पॅडवर फिरवला, कागदावर टेकवला, तसाच माझ्या रजिस्टरमध्येही घेतला. त्यांनी शाईचा अंगठा सवयीनं डोक्याच्या केसांत पुसला. शेवटी मी नेहमीचं विचारलं, "आजी, वाचून दाखवलं ते सगळं खरं आहे ना?"

"तेवढं सोडून खरं हाय," त्या म्हणाल्या.

आणि मी शिक्का मारला.

नोटरीचं काम काय, असं कुणी विचारलं की मी सांगते: माणूस समोर उभा असतो, तो स्वतःच्या तोंडानं काही सांगतो, आणि ते त्यानंच, माझ्यासमोर सांगितलं, एवढं मी लिहून देते. १९५२ च्या कायद्यात कामांची यादी याहून लांब आहे, पण माझ्या टेबलावर रोज येतं ते बहुतेक हेच. 'माझ्यासमोर' हा त्यातला माझा सगळ्यात आवडता शब्द. पाच सेंटिमीटर व्यासाचा गोल शिक्का, त्यात माझं नाव, माझं क्षेत्र, 'नोटरी' हा शब्द आणि नेमणूक करणाऱ्या सरकारचं नाव. तो नव्या पॅडवर दाबून कागदावर टेकवला की एक हलका, चिकट आवाज येतो; कडा एकसारखी उमटली की मला आजही आतून बरं वाटतं. वकिलीत साधारणपणे दहा वर्षं काढल्यावर नोटरीसाठी अर्ज करता येतो, बायकांना सात. माझी सात भरली त्या महिन्यातच मी अर्ज केला होता. घरच्यांना वाटलं, कोर्टात उभं राहून भांडायचं सोडून ही शिक्के मारत बसणार. मला मात्र कोर्टात कधी न मिळालेली एक गोष्ट इथं मिळाली. कोर्टात माणूस वकिलाच्या तोंडून बोलतो. इथं तो स्वतः बोलतो.

आणि बोलतो तेही आपल्या भाषेत. छापील मजकुरात 'मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की' असतं. आमच्याकडच्या बायका 'मी आलो', 'मी गेलो' म्हणणाऱ्या. मी वाचून दाखवते, "लिहून देते," आणि समोरची मान हलवून म्हणते, "व्हय, देतो की लिवून." कागदावरची बाई आणि समोरची बाई यांच्यात एवढं अंतर रोजच असतं. ते मला गोड वाटायचं. जूनपर्यंत.

शिवाजी पेठेतले एक आजोबा आठवतात. अंथरुणाला खिळलेले, म्हणून त्यांच्या घरी गेले होते. माणूस समोर असल्याशिवाय मी सही घेत नाही; "काका घरीच आहेत मॅडम, सही मी घेऊन येतो, तुम्ही नुसता शिक्का मारा" असं म्हणणाऱ्यांना मी परत पाठवते, आणि परत पाठवण्यातही मला समाधान वाटतं. कुणी हार घेऊन येतात आणि नोटरी करून लग्न लावा म्हणतात, त्यांनाही समजावून सांगते की लग्न लावणं किंवा मोडणं माझ्या शिक्क्यात नाही. तर हे आजोबा. माडीवरची खोली, खोबरेल तेलाचा आणि औषधाचा वास, भिंतीवर तालमीतल्या पोरांबरोबरचा जुना काळपट फोटो. मी मजकूर वाचला, त्यांनी शांतपणे ऐकला. पेन हातात दिलं तर घेईनात. सुनेला खूण केली. तिला कळेना. पाणी? उशी? मग तिच्या लक्षात आलं. तिनं खुंटीवरची पांढरी टोपी काढून त्यांच्या डोक्यावर घातली, समोरून नीट केली. तेव्हा त्यांनी सही केली, एकेक अक्षर, मधे थांबत. पाच मिनिटं गेली असतील. जिना उतरताना मला उगीचच हलकं वाटत होतं. दिवसभरात सत्तर-ऐंशी सह्या होतात, त्यांतली एखादीच अशी असते, पण तेवढी पुरते.

एकदा गंगावेशीतल्या तालमीतला एक पैलवान आला. गॅपचं प्रतिज्ञापत्र करायचं होतं: बारावीनंतर दोन वर्षं कुठंच प्रवेश घेतला नाही म्हणून. कान मोडलेले, मान खांद्यातच सुरू होणारी, आवाज मात्र लहान मुलाचा. टायपिस्टनं कारण घातलं होतं, 'घरगुती अडचणीमुळे'. वाचून दाखवल्यावर तो गप्प राहिला. मी विचारलं, अडचण काय होती? म्हणाला, "अडचण काय न्हाई मॅडम. कुस्ती करत हुतो. पण आसं लिवलं तर चालतंय का?" मी म्हणाले, खरं तेच चालतं. 'कुस्तीच्या सरावासाठी तालमीत राहत असल्याने' असं लिहिलं. त्यानं ती ओळ स्वतः दोनदा वाचली. जाताना दारात ओणवा होऊन माझ्या टेबलाला हात लावून कपाळाला लावला, आखाड्यात उतरताना मातीला लावतात तसा.

त्या पैलवानासाठी मी थांबले होते. आजींसाठी थांबले नाही. जूनपासून हे माझ्या मनात येत राहिलं.

थांबणं मला येत नाही असंही नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतरचे दोन महिने मी दुसरं काही केलंच नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ धोक्याची. कोल्हापुरात पावसाळ्यात हे आकडे पोरासोरांना पाठ असतात. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. ओसरल्यावर लोक कागद घेऊन आले. तव्यावर वाळवलेली रेशनकार्डं, इस्त्री फिरवलेले शाळेचे दाखले, पानाला पान चिकटलेली पासबुकं. वाळलेल्या गाळाची कपची टेबलावर पडायची आणि नदीचा तो कुबट वास संध्याकाळी घरी गेल्यावरही माझ्या हातांना यायचा. 'मूळ कागदपत्रे महापुरात भिजून नष्ट झाली' एवढं लिहायचं आणि खाली यादी. लोक यादी सांगायला लागायचे: सोडचिठ्ठीचा निकाल, गाडीचं पुस्तक, पोरीचा दहावीचा दाखला. मग सांगता सांगता पुढं जायचे. आंबेवाडीच्या एक वहिनी म्हणाल्या, "आनि लग्नातला फोटू. येकच हुता." टायपिस्टनं माझ्याकडं पाहिलं, फोटोची दुसरी प्रत कुठलं ऑफिस देणार? मी म्हणाले, घाला यादीत. 'अनुक्रमांक ६ : विवाहप्रसंगीचे छायाचित्र (एक).' कायद्याला त्या ओळीचा काही उपयोग नव्हता. वहिनींनी सही केली आणि पदरानं चष्मा पुसला. त्या दोन महिन्यांत मी खूप दमले होते, पण इतकं कामाचं असल्यासारखं मला आधी कधी वाटलं नव्हतं. तेव्हापासून माझी रजिस्टरं मी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवते.

चिखलीच्या आजीही त्या पुरात सोनतळीला गेल्या असणार, म्हशी घेऊन. चिखलीचं गाव पाणी वाढलं की तिकडंच जातं. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरीही मी म्हणाले, काही फरक पडत नाही.

त्यांचा अंगठा धरला तेव्हा बोटांना कळलं होतं. अंगठ्याच्या मधल्या सांध्यावर बाहेरून घट्टा. म्हशीचा सड जाड असतो, दांडगा. अंगठा आत मुडपून त्याच्या सांध्यावर सड दाबून धार काढणारे हात असतात, त्यांना हा घट्टा पडतो. पहाटे आणि संध्याकाळी, वर्षानुवर्षं. वैरण, खुरपं आणि शेणानं अंगठ्याच्या रेषा पुसटलेल्या, म्हणून मला तो दोनदा दाबून घ्यावा लागला होता. मी हजारो अंगठे घेतलेत. ऊसतोडीचे, गवंड्यांचे, भाजीवाल्या मावश्यांचे, बोटांना हळद लागलेले, पिठाचे. कुणाचा हात काय काम करतो ते मला पुष्कळदा कागद न वाचता सांगता येतं. आणि त्याच हातांखाली मी वाचत आले होते: धंदा घरकाम, धंदा घरकाम, धंदा घरकाम.

हे दोन शब्द मी पहिल्यांदा कधी लिहिले ते मला आठवतं. बारावीनंतरचा फॉर्म. आमचं घर सुभाषनगरात. वडील चप्पल करायचे. तळ कापायचे, रापी चालवायचे, बाजारात तेच जायचे. आई वेण्या घालायची. कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यावर जी बारीक चामड्याची वेणी असते, ती आमच्याकडं घराघरांत बायकाच घालतात. दुपारची भांडी झाली की आई उंबऱ्याशी उजेडाला बसायची. मांडीवर गोणपाट, पायाच्या अंगठ्यात वादीचं टोक अडकवलेलं, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला मोजता येऊ नयेत. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा वास तिच्या पदराला यायचा, मला झोपताना तोच वास लागायचा. तर्जनीला कायम चीर. मीठ लागलं की ती फुंकर मारायची, पण वेणी सोडायची नाही. फॉर्मवर वडिलांच्या नावापुढं मी लिहिलं, 'व्यवसाय : चप्पल कारागीर'. आईच्या नावापुढं 'घरकाम'. कुणी सांगितलं नव्हतं. मी तिच्याशेजारीच बसून लिहिलं, ती वेणी घालत होती.

पुढं जात पडताळणीच्या प्रतिज्ञापत्रावर तेच आलं, शहाजी लॉ कॉलेजच्या प्रवेशाला तेच. त्या कागदांच्या झेरॉक्स मी ठेवल्यात. आजी येऊन गेल्यावर आठवडाभरानं एका रात्री ट्रंक उघडून काढून बघितल्या. अक्षर माझंच. आई २०१९ च्या आधीच गेली, नाहीतर त्या वर्षी कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी तिला वाचून दाखवली असती. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. तिनं विचारलं असतं, "म्हंजे वेणीचा दर वाढतोय का?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

आमच्या शाहू महाराजांनी अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या समाजातल्या माणसांना बोलावून वकिलीच्या सनदा दिल्या होत्या. सनद लागली त्या दिवशी मी दसरा चौकात त्यांच्या पुतळ्याजवळ जाऊन पाच मिनिटं उभी राहिले होते. आई सोबत होती, नवं लुगडं नेसून. माझी पहिली वर्षं सीपीआर इस्पितळासमोरच्या जुन्या कोर्टात गेली. १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथंच हायकोर्टाचं सर्किट बेंच बसायला लागलं. चाळीस-चाळीस वर्षं ज्यांनी त्यासाठी मोर्चे काढले ते म्हातारे वकील त्या दिवसांत साखर वाटताना रडत होते. पूर्वी हायकोर्टाचं प्रतिज्ञापत्र केलं की पक्षकार रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघायचा. आता चालत जाऊन देऊन येतो. आनंद मलाही झाला. पण त्या गर्दीतही मला टायपिस्टच्या खुर्चीत बसणाऱ्या पोरीचं वाटत होतं, की एवढ्या मोठ्या बदलात तिची फाइल तीच आहे. १ जुलै २०२४ ला नवी न्यायसंहिता आली तेव्हा आम्ही एका दिवसात सगळ्या नमुन्यांतली खोट्या शपथेची कलमं बदलली. १९९, २०० काढून २३६, २३७ घातली. आकडे बदलायला एक दिवस लागला. त्याच पानावर वर 'धंदा घरकाम' तसंच राहिलं, आणि ते आमच्यातल्या एकीच्याही डोळ्यांना टोचलं नाही.

मी नातवाला फोन केला होता. पान बदलून देते, पैसे नकोत, आजींना तेवढं घेऊन या. तो म्हणाला, "झालं की मॅडम काम. बँकेनं घेतला कागद, काय अडचण न्हाई." खरंच काही अडचण नव्हती. आजी कशा आहेत विचारलं, तर म्हणाला, म्हैस व्यालीय, खरवस चाललाय घरात.

त्यानंतर फाइलमधला तो शब्द मी काढून टाकला. तिथं आता रिकामी जागा आहे आणि टायपिस्ट प्रत्येकीला विचारते. सुरुवातीला बायका गोंधळायच्या. "काय लिवू?" म्हणून सोबतच्या पुरुषाकडं बघायच्या. मग हळूहळू येत गेलं. शिवणकाम. शेती. भाजी विक्री. लक्ष्मीपुरीत धान्य निवडायला जाणाऱ्या एक मावशी 'निवडणूक' म्हणाल्या आणि आम्हाला कळायला वेळ लागला. एक तरुण मुलगी, तिच्याबरोबर आलेला नवरा काही बोलायच्या आत, "वेणी घालतो चपलांची," म्हणाली. मी मान वर करून बघितलं नाही, कारण डोळे भरले असते. 'चप्पल कारागीर' असं मी स्वतःच्या हातानं लिहिलं, टायपिस्टकडून करून घेतलं नाही.

मला वाटत होतं, आता हे नीट झालं. मग डिसेंबरमध्ये राजारामपुरीतल्या एक काकू आल्या. घरातच मेस चालवतात, कॉलेजच्या पोरांचे चाळीस डबे. हातांवर तेलाचे बारीक डाग, चपात्यांच्या तव्यानं भाजलेली मनगटं. टायपिस्टनं विचारलं तर म्हणाल्या, "घरकाम." मी मधे पडले. काकू, तुमचा व्यवसाय आहे, तो लिहूया की. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "घरातच करतो न्हवं? घरकामच हाय ते. चार जणांचं केलं काय नि चाळीस जणांचं केलं काय. त्यात काय कमीपणा हाय व्हय मॅडम?" मी म्हणाले, नाही. "मग लिवा." लिहिलं. त्यांनी ऐटीत सही केली, शेवटच्या अक्षराची रेघ पार कागदाच्या कडेपर्यंत ओढून, आणि माझ्या फीचे पैसे ब्लाउजमधल्या पाकिटातून मोजून दिले.

जानेवारीत गेल्या वर्षातल्या कामांचं वार्षिक विवरण सरकारला पाठवावं लागतं. त्यासाठी रजिस्टरं खाली काढली. दुपारचा उजेड टेबलावर तिरका आला होता, बाहेर उसाच्या ट्रॉल्या जात होत्या आणि काचेचा पेला थरथरत होता. जूनच्या पानांवर आले. नोंद सापडली. तारीख, नाव, प्रतिज्ञापत्र, फी, आणि शेवटच्या रकान्यात दोनदा दाबून घेतलेला तो अंगठा. वर टायपिस्टच्या बारीक अक्षरात, 'निशाणी डावा अंगठा'. धंद्याला या रजिस्टरमध्ये रकानाच नाही. मी खिडकीशी नेऊन बघितलं. कडेच्या तीन-चार रेषा उमटल्यात, वेलांटीसारख्या. मधोमध रेषा नाहीतच, नुसती जांभळी शाई.